साहेबांचा खालचा रस्ता

ओसाकात पाऊस पडतो हे साहेबांना मान्यच नव्हतं. आम्ही छत्र्या झटकत, ओल्या बुटांनी किचकिच करत ऑफिसात शिरलो की ते चष्म्यावरून आमच्याकडे बघायचे आणि कुठं पोहायला गेला होतात का, म्हणून चौकशी करायचे. त्यांचे स्वतःचे बूट कोरडे ठणठणीत. त्यांच्या इमारतीच्या दाराशीच भुयारी रेल्वेचा जिना होता. तिथून गाडीनं उमेदा स्टेशन, उमेदाहून जमिनीखालून चालत आमच्या इमारतीचं तळघर आणि तळघरातून लिफ्ट. वरच्या रस्त्याला ते 'माळा' म्हणत. माळ्यावर काय चाललंय, असं विचारत. थंडी, ऊन, वादळ या सगळ्या त्यांच्या मते माळ्यावरच्या भानगडी होत्या आणि शहाण्या माणसानं त्यात पडू नये.

साहेब गेले त्याला आता वर्ष होत आलं. डोंबिवलीहून वहिनींचा, म्हणजे साहेबांच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी जेवायला खालीच निघाले होते. दुपारी बाराच्या सुमाराला तिथं गळ्यात ओळखपत्रं अडकवलेल्या माणसांचे लोंढे चालू असतात, मध्येच थांबायची सोय नसते. मी एका खांबाला पाठ लावून उभी राहिले आणि रडले. कुणी बघितलं नाही. म्हणजे बघितलं असेल, पण न बघितल्यासारखं करणं हा इथला शिष्टाचार आहे आणि त्या दिवशी मला तो बरा वाटला.

ज्यानं बघितलेला नाही त्याला उमेदाचा खालचा रस्ता समजावणं अवघड. तो रस्ता नाहीच मुळी, गाव आहे. वेगवेगळ्या रेल्वेंची स्टेशनं, मोठी दुकानं, ऑफिसं यांची तळघरं एकमेकांना जोडत कुणीतरी हे गाव वाढवत नेलं आणि आता पुरे, असं कधी कुणी म्हटलंच नाही. गल्ल्या, चौक, उभ्यानं नूडल्स खायच्या टपऱ्या, लोणच्यांची दुकानं, चपला शिवणारे, चष्मेवाले, फुलवाल्या. कुठंतरी कायम काम चाललेलं असतं. मग वाटेवर पांढरे पत्रे उभे राहतात, त्यांच्यावर हेल्मेट घालून वाकून माफी मागणारा माणूस रंगवलेला असतो, आणि काल होती ती वाट आज नसते. जन्मभर ओसाकात राहिलेले लोकही इथं चुकतात आणि तसं हसत कबूल करतात. साहेब चुकत नसत. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो.

मी पुण्यात जपानी शिकले, परीक्षा दिल्या आणि मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीच्या ओसाका शाखेत दुभाषी म्हणून लागले. साहेब त्या शाखेचे प्रमुख. मूळचे गिरगावातले, ऐन तिशीत तीन वर्षांसाठी म्हणून आले आणि इथंच मुरले. मूलबाळ नव्हतं. घरी ते आणि वहिनी. आम्ही मराठी माणसं त्यांना साहेब म्हणायचो, ते ऐकून रिसेप्शनवरच्या जपानी मुलीला ते त्यांचं आडनाव वाटलं आणि ती त्यांना साहेब-सान, म्हणजे साहेबराव, म्हणू लागली. साहेबांनी तिची चूक कधीच दुरुस्त केली नाही. बढतीपेक्षा हे मोठं आहे, म्हणायचे.

पहिल्या दिवशी ते स्वतः मला घ्यायला उमेदाच्या गेटपाशी आले होते. मी फोनवर नकाशा उघडला तर म्हणाले, "ठेव तो आत. नाक वापर. तुम्हा पुणेकरांचं नाक कायम वर असतं, जरा खाली आण." आणि मग खरोखरच त्यांनी मला नाकानं रस्ता शिकवला. आधी लोण्याचा वास येतो, तो पाववाला. तिथून उजवीकडे. मग आंबूस वास, तो लोणचेवाला, त्याच्या अंगावरून सरळ. मग चपलेला लावायच्या डिंकाचा वास आला की डावीकडे, आणि भाजलेल्या कॉफीचा वास आला की समज, आलं ऑफिस. मी मनात म्हटलं, माणूस चक्रम आहे. पण त्या वाटेनं मी पुढं कधी चुकले नाही.

नव्या माणसाला घ्यायला जायचं ही त्यांची जुनी रीत. मुंबईहून कुणीही येवो, बँकेतला असो, दुसऱ्या कंपनीतला असो, साहेब गेटपाशी हजर. मग काही वर्षांनी ही रीत बदलली. साहेबांनी जायचं बंद केलं आणि माणसांना बोलवायला सुरुवात केली. ऑम्लेटभाताच्या एका हॉटेलाबाहेर काचेच्या कपाटात प्लास्टिकचे नमुने मांडलेले असत, हुबेहूब खऱ्यासारखे, वर सॉसचा ओघळसुद्धा. त्या कपाटाला पाठ लावून साहेब उभे राहत आणि फोनवर सांगत, मी इथं आहे, तुम्ही शोधत या. नवी माणसं घामाघूम होऊन अर्ध्या पाऊण तासानं पोचत. साहेब हात पुढं करत आणि म्हणत, "या. आता तुम्ही ओसाकात आलात." आम्ही याला साहेबांचा दरबार म्हणायचो. जो पोचला तो पास. काय एकेक खोड, असं म्हणून आम्ही एकमेकांना टाळ्या द्यायचो.

खोडी वाढतच गेल्या. त्या हॉटेलात जेवताना ते पदार्थाचं नाव घेईनासे झाले. वाढणाऱ्या मुलीला बाहेर कपाटापाशी घेऊन जात आणि बोट दाखवत. इतकं स्वच्छ जपानी बोलणारा माणूस नव्या पर्यटकासारखं बोट दाखवतो, याची आम्हाला गंमत वाटे. मला ते पुणेकर म्हणत हे ठीकच होतं, पण मग ते सगळ्यांनाच पुणेकर म्हणू लागले. नागपूरचा एक मुलगा आमच्याकडे होता, तो पहिल्यांदा चिडला, मग त्याला सवय झाली. पुढं मोज्यांचं एक दुकान उठून तिथं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आलं, तेव्हा साहेब आत शिरून तिथल्या पोरीवर चक्क रागावले. मोजे कुठं गेले, तुम्हाला कुणी परवानगी दिली? ती बिचारी वाकून वाकून माफी मागत होती. ही हकिगत आमच्यात महिनाभर पुरली.

मराठी माणसाला विक्षिप्त माणूस फार आवडतो. त्याचे किस्से करायचे, ते एकमेकांना सांगायचे, सांगताना थोडे वाढवायचे, आणि वर म्हणायचं, असा माणूस होणे नाही. परदेशात तर किस्स्यांची उपासमारच असते. साहेबांनी आमची भूक भागवली.

वहिनी या सगळ्यात कुठंच नसत. बारीक, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. सुरुवातीला मला त्या तुसड्या वाटल्या होत्या. त्यांच्याबद्दल एक कुजबुज मात्र होती. इथल्या मराठी मंडळातल्या एका बाईंनी त्यांना सकाळी ऑफिसच्या वेळेला उमेदाखाली बघितलं होतं. साहेब पुढं चाललेत आणि वहिनी मागं, बऱ्याच अंतरावर, खांबांच्या आडोशानं. साहेब थांबले की या थांबतात, दुकानाच्या काचेत बघितल्यासारखं करतात. मग आणखी कुणी बघितलं. झालं. साहेबांचं काहीतरी प्रकरण असणार, या वयात, आणि वहिनी पाळतीवर आहेत, असा निकाल लागला. लोणचेवाल्याच्या दुकानातली एक देखणी बाईही कुणीतरी मुक्रर करून टाकली.

त्या वर्षीच्या गणपतीत कार्यक्रम झाला. आमचं मंडळ दरवर्षी शेजारच्या कोबे शहरात एक हॉल भाड्यानं घेतं. आरती, जेवण, मग करमणूक. आयटीतल्या दोन मुलांनी एक छोटं नाटुकलं बसवलं होतं, नाव 'साहेबांचा दरबार'. त्यातल्या एकानं साहेबांचा चष्मा आणि चाल अशी उचलली होती की पहिल्याच प्रवेशाला हॉल हशानं दणाणला. तो कपाटातल्या ऑम्लेटकडे बोट दाखवी. येईल त्याला पुणेकर म्हणे. मोज्यांसाठी भांडे. शेवटी तर एका खुर्चीला खांब समजून तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, दर फेरीला ऐटीत म्हणाला, हं, आता आलंच, आणि होता तिथंच येऊन उभा राहिला. लोक हसून हसून वाकले. मीही हसले. साहेब पहिल्या रांगेत बसले होते. ते सगळ्यांत मोठ्यांदा हसले, डोळे पुसले आणि वन्स मोअर म्हणाले.

मी पाणी प्यायला मागच्या स्वयंपाकघरात गेले. वहिनी तिथं मोदकपात्र घासत होत्या. ते आधीच घासलेलं होतं, लख्ख दिसत होतं. बाहेर वन्स मोअर चालू होता, हशा भिंतीतून ऐकू येत होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, मुलांनी छान बसवलंय, नाही? वहिनींनी नळ बंद केला.

"तीन फेऱ्या कुठून कळल्या गं त्यांना?" त्या म्हणाल्या. "परवाच झालं ते. मी मागं होते. मला वाटलं, आता चौथी मारतात की काय."

मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता, भाजीचा भाव सांगावा तसं. डॉक्टरांकडे जाऊन दीड वर्ष झालं होतं. विसर पडतोय, वाढत जाणार, थांबवता येणार नाही, एवढं निश्चित होतं. नावं आधी गेली. मग पदार्थ. मग वाटा जायला लागल्या. तेव्हापासून त्या रोज सकाळी त्यांच्या मागच्या डब्यात बसत, लिफ्टचं दार बंद होईपर्यंत त्यांच्या मागं चालत आणि मग घरी जात. संध्याकाळी पुन्हा. बरोबर चाललेलं त्यांना खपलं नसतं. जपानात आल्या दिवसापासून ते पुढं आणि वहिनी मागं, असंच दोघं चालले होते, त्यामुळं त्यात वेगळं असं काही दिसायचं नाही.

"मार्चमध्ये रिटायर होतायत," वहिनी म्हणाल्या. "तेवढं निभू दे. साहेब म्हणून राहिलेत, साहेब म्हणून जाऊ देत. डोकं फिरलं म्हणून परत पाठवलं, असं नको. तू कुणाला बोलू नकोस. आणि त्या मुलांनाही काही म्हणू नकोस. लोक हसतायत तोवर कुणाला कळत नाही."

बाहेर टाळ्या पडल्या. वहिनी मोदकांचं ताट घेऊन गेल्या आणि त्यांनी पहिला मोदक त्या नाटकातल्या साहेबाला दिला.

त्या दिवसापासून मार्चपर्यंत मी आणि वहिनी मिळून साहेबांना साहेब ठेवण्याचं काम केलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. मुंबईचे लोक कॉलवर असले की साहेब इंग्रजीत बोलत आणि क्लायंटसाठी मी ते जपानीत सांगे. साहेबांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली की मी जपानीत दुसरंच काहीतरी सांगायची, मालाच्या तारखा, पॅकिंग, जे राहिलं असेल ते. क्लायंटला वाटे, काय मुद्देसूद माणूस आहे. त्यांच्या मेल मी लिहायची, ते वाचून मान डोलवायचे आणि एखादा शब्द उगीच बदलायचे. तो बहुधा बरोबरच बदललेला असे. माणूस सगळा एकदम जात नाही. कुठला भाग आज शिल्लक आहे ते मला सकाळी त्यांचा चेहरा बघून ओळखावं लागे, आणि काही दिवस असे यायचे की मला वाटे, डॉक्टर चुकलेत.

जानेवारीतली एक सकाळ मला विसरता येत नाही. मी गाडीतून उतरले तर साहेब पुढं दिसले. मी त्यांना गाठलं, दोघं बरोबर चालू लागलो. मागं वहिनी आहेत हे मला माहीत होतं, म्हणून मी मुद्दाम मागं बघितलं नाही. पाववाल्यापाशी साहेब थांबले. तिथं लाल डाळीचं गोड सारण भरलेला पाव मिळतो, साहेब त्याला पुरणाचा पाव म्हणत. त्यांनी दोन पाव घेतले, एक स्वतःच्या कोटाच्या खिशात ठेवला आणि दुसरा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, मला नको, मी खाऊन आलेय.

"तुला नाही," साहेब म्हणाले. "त्या मागच्या बाईंना दे. रोज चालतात बिचाऱ्या माझ्या मागं. काही खाल्लेलं नसतं त्यांनी."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथं थट्टा नव्हती. कळवळा होता, रस्त्यातल्या कुठल्याही बाईबद्दल असावा तेवढा. त्या आपल्याच घरच्या, हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी मागं गेले. वहिनी एका खांबाआड उभ्या होत्या. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. काय झालं, काय म्हणाले, असं विचारायला लागल्या.

मी म्हटलं, "काही नाही. वहिनींना दे म्हणाले, उपाशी आली असेल."

वहिनींनी पाव घेतला. कागद उलगडला आणि तिथंच, माणसांच्या लोंढ्यात उभ्या उभ्या तो सगळा खाल्ला. जपानात असं रस्त्यात कुणी खात नाही, आणि त्या तर इथले सगळे नियम पाळणाऱ्या. खाऊन झाल्यावर बोटं पुसत म्हणाल्या, "बघ, आहे अजून लक्षात." मी खोटं बोलले याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही.

मार्च निभला. निरोप समारंभात जपानी स्टाफनं पद्धतीप्रमाणे फुलांचा मोठा गुच्छ दिला. साहेबांनी भाषण केलं, ते संपवलं, आणि थोडं थांबून तेच भाषण पहिल्यापासून पुन्हा केलं. जपानी मंडळींनी दुसऱ्यांदाही तेवढ्याच टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, भारतात अशीच पद्धत असेल. मुंबईहून आलेले वरिष्ठ माझ्या कानाशी म्हणाले, गडी अजून तसाच वल्ली आहे. मला इतकं हायसं वाटलं की मी जाऊन वहिनींचा हात धरला.

राहिला निघायचा दिवस. डोंबिवलीला वहिनींच्या धाकट्या बहिणीच्या इमारतीत त्यांनी ब्लॉक घेतला होता. वहिनींनी विमानतळापर्यंत टॅक्सी सांगितली होती, ती साहेबांनी परत पाठवली. माळ्यावरून जायचं नाही, म्हणाले. खालून जायचं, उमेदाला विमानतळाची गाडी धरायची. मग आम्ही सामानाला गेलो. मी, नागपूरचा मुलगा आणि नाटुकलं करणारे ते दोघं. त्यांचा साहेबांवर खरोखर जीव होता.

उमेदाला उतरल्यावर साहेब पुढं झाले. विमानतळाच्या गाडीला जायचं तर डावीकडे वळायला हवं होतं, ते उजवीकडे वळले. मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. आम्ही सगळे बॅगांची चाकं खडखडवत मागून निघालो. मुलांना वाटलं, साहेब शेवटचा फेरा मारतायत, सगळ्यांना भेटून निघतायत. त्यातला एक हळूच म्हणालाही, दरबार निघाला. साहेबांची चाल अगदी पूर्वीची होती, ताठ, घाई नसलेली. एक वळण, दुसरं वळण. वेळ जात होता. वहिनी घड्याळ बघत नव्हत्या.

पुढं वाट संपली. पांढरे पत्रे होते. साहेब त्यांच्यासमोर उभे राहिले. एकदा उजवीकडे बघितलं, एकदा डावीकडे. मग ते वळले, आमच्याकडे आले, आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं आणि माझ्यापाशी थांबले. कमरेतून थोडे वाकले आणि अतिशय शुद्ध, अतिशय आदबशीर जपानीत त्यांनी मला विचारलं, आपल्याला थांबवतोय, माफ करा, पण विमानतळाची गाडी कुठून सुटते, आपण सांगू शकाल का?

नाटुकल्यातला मुलगा हसला. त्याला ती साहेबांची शेवटची नक्कल वाटली, नव्या माणसाची. मग त्यानं माझं तोंड बघितलं आणि त्याचं हसणं गळ्यातच राहिलं. बॅगांची खडखड थांबली होती.

मीही वाकले. जपानीतच म्हटलं, मी तिकडेच निघालेय, आपली हरकत नसेल तर बरोबर चलावं.

साहेबांनी आभार मानले. मग ते वहिनींकडे वळून मराठीत म्हणाले, "चल. या बाई नेतायत आपल्याला. तू उगीच घाबरत होतीस. इथली माणसं फार चांगली आहेत गं."

"हो," वहिनी म्हणाल्या. "फार चांगली आहेत."

आणि त्या माझ्यासमोर वाकल्या, इथल्यासारख्या, अगदी खाली, आणि बराच वेळ वर उठल्या नाहीत. मग त्यांनी साहेबांचा हात धरला. मी पुढं चालू लागले. मागं बघायचं नाही, एवढंच ठरवलं होतं, कारण साहेबांना माझं तोंड दिसलं असतं तर रस्ता सांगणारी बाई रडतेय कशाला, म्हणून त्यांनी चौकशी केली असती.